तेहतीस हवा, पंधराची रिम

मोटारीच्या टायरच्या कडेवर उठावात जी अक्षरे असतात ती सहसा कोणी वाचत नाही. पंक्चर निघेपर्यंत दुकानाबाहेर ताटकळायची वेळ आली आणि नेमकी मोबाइलची बॅटरी संपलेली असली, तरच माणूस त्यांच्या वाटेला जातो. आमच्या गाडीच्या टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिलेले आहे. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही टक्केवारी. कडेची उंची टायरच्या रुंदीच्या ६५ टक्के आहे, असा तिचा अर्थ. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या विणीचा एक प्रकार. त्यापुढचे १५ हा रिमचा व्यास, आणि तो इंचात. ८८ हा भाराचा सांकेतिक आकडा असून तक्त्यात पाहिले तर एका टायरवर ५६० किलो असे उत्तर निघते. शेवटचा ‘एच’ सांगतो की हा टायर ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी घडवलेला आहे. हा वेग आमच्या गाडीने स्वप्नातही पाहिलेला नाही. त्याखाली बारीक अक्षरांत हवेचा कमाल दाब ३०० केपीए, म्हणजे किलोपास्कल, असा दिलेला असतो आणि शेजारी कंसात ४४ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ४४ पौंड.

शाळेत गणिताच्या पेपरात कोणी असे उत्तर लिहिले असते, तर ‘आधी एकके सारखी करून आण’ म्हणून गुरुजींनी वही परत केली असती. टायरचा मात्र या खिचडीत कुठेच अडत नाही. १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची कड मिळून २४०.५ मिलिमीटर, म्हणजे चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर आणि परीघ १९५ सेंटिमीटरांच्या आसपास. एका किलोमीटरमध्ये हे चाक सुमारे ५१२ वेळा फिरते, आणि डॅशबोर्डवर जो किलोमीटरचा आकडा सरकताना दिसतो तो मुळात या फेऱ्यांवरूनच काढलेला असतो. हौसेने कोणी १८५च्या जागी १९५ रुंदीचा टायर चढवला, बाकी आकडे तेच ठेवले, की व्यास दोन टक्क्यांनी वाढतो आणि पूर्वी जिथे काटा शंभर दाखवायचा तिथे तो ९८ दाखवू लागतो. किलोमीटरच्या त्या स्वच्छ दशमान आकड्याच्या पोटात अशी इंचांची रिम दडलेली असते.

हवेचीही तीच गत. पेट्रोल पंपावरचा मुलगा नळी हातात घेऊन विचारतो, “किती?” आपण म्हणतो, “तेहतीस.” कशाचे तेहतीस, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. दर चौरस इंचाला तेहतीस पौंड, असे पूर्ण वाक्य कोणी उच्चारले तर तो बहुधा नळी खाली ठेवून आपल्याकडे पाहत राहील. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हाच दाब २.३ बार आणि २३० केपीए असाही छापलेला असतो, पण “दोन पॉइंट तीन टाका” असे म्हणणारा गिऱ्हाईक मी अजून ऐकलेला नाही. याला केवळ सवय म्हणून सोडून देणे मला पटत नाही. एक पीएसआय हा या कामाला नेमका जोगता आकार आहे. एकट्याने चालवायची असेल तर तेहतीस, पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात उतरायचे असेल तर पस्तीस-छत्तीस, असा एकेका आकड्याने खेळता येणारा हिशेब त्यात होतो. बारमध्ये हीच कसरत दशांश चिन्हाच्या उजवीकडे करावी लागते, आणि रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या आवाजात, दशांश चिन्ह ऐकू जात नाही.

तरीही सोय हे सारे उत्तर नव्हे. रिम इंचात राहिली ती सोयीसाठी नाही. ३८१ मिलिमीटर म्हणायला काहीच जड नव्हते. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९७५ च्या सुमारास ‘टीआरएक्स’ नावाचे टायर काढले आणि त्यांच्या रिमची मापे मुद्दाम मिलिमीटरमध्ये ठेवली: ३६५, ३९०, ४१५. टीआरएक्सच्या रिमची कड वेगळ्या घडणीची होती, तिच्यावर चुकून साधा टायर चढू नये, म्हणून हा वेगळेपणा. दशमान पद्धत ज्या देशात जन्मली त्या देशातल्या कंपनीने रिम दशमानात आणावी, यात एक काव्यात्म न्यायही होता. पुढे बीएमडब्ल्यू, फेरारी, फोर्ड यांच्या काही गाड्यांना ती चाके बसवण्यात आली. पण ३९० मिलिमीटर म्हणजे साडेपंधरा इंचांच्या थोडे अलीकडे. त्या रिमवर जगातला दुसरा कोणताही टायर बसेना, आणि बाकीचे जग काही आपले साचे मोडायला तयार होईना. आज त्या जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोक चार टायरांसाठी दुकानामागून दुकाने पालथी घालतात. मापनपद्धत म्हणून मिशेलिनचे बरोबर होते, असे मला वाटते. पण रिम एकटी नांदत नाही.

इथे मला या साऱ्या प्रकरणाची एक किल्ली सापडल्यासारखी वाटते. ज्या एककाचे काम फक्त आकडा दाखवण्याचे असते ते बदलणे सोपे असते: तबकडी बदला, पाटी बदला, वजने बदला, लोक दोन-चार वर्षे कुरकुरतात आणि मग विसरतात. पण जिथे एक वस्तू दुसऱ्या वस्तूत बसायची असते, तिथे एकक त्या दोन्हींच्या मध्ये अडकून पडते, कारण दोन्ही वस्तू एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हुकमाने बदलत नाहीत. टायर एक कंपनी करते, रिम दुसरी, आणि दोन्हींची गाठ लग्नाच्या गाठीसारखी आधीच मारलेली असते.

गॅरेजमधला सॉकेट हातात घेऊन पाहावा. त्याच्या एका तोंडावर १७ कोरलेले असते. त्या तोंडात १७ मिलिमीटरचा नट बसतो. उलट बाजूला एक चौकोनी भोक असते, ज्यात हँडल अडकते. ते भोक अर्ध्या इंचाचे असते. जर्मनीत केलेला सॉकेट असो, तैवानमध्ये केलेला असो की जालंधरमध्ये, नटाकडची बाजू मिलिमीटरची आणि हाताकडची बाजू इंचाची. पाव इंच, तीन अष्टमांश, अर्धा, पाऊण, हीच मापे सगळीकडे. नट मोटारीबरोबर जन्मतो आणि मोटारीबरोबर भंगारात जातो. हँडल मात्र मिस्त्रीच्या बापाच्या वेळचे असते आणि ते त्याच्या मुलाला पुरणार असते. दोन इंच लांबीच्या त्या पोलादी तुकड्यात दोन्ही मापनपद्धती अशा पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, आणि त्यांचे भांडण झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

मुंबईतल्या गॅरेजवाल्यांनी हे सगळे आधीच पचवलेले होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट इटालियन कुळातली, त्यामुळे तिचे नट मिलिमीटरचे. अँबॅसडर ही इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डची मुलगी, त्यामुळे तिला इंची पाने. महिंद्राची जीप अमेरिकन विलीसची, तीही इंचातली. मद्रासला तयार होणाऱ्या बुलेटला तर इंग्लंडचे जुने व्हिटवर्थ पाने लागत, ज्यांच्यावर कोरलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असे. असा सगळा संसार भिंतीवरच्या एकाच फळीवर टांगलेला असायचा, आणि हातात आलेल्या नटाकडे एकदा पाहून कोणता पाना उचलायचा हे हाताखालच्या पोराला आपोआप कळायचे. ‘सतरा-एकोणीस दे’ असे म्हटले की फियाट आणि ‘नऊ-सोळा दे’ म्हटले की अँबॅसडर, इतके ते सोपे. यातला दुसरा आकडा प्रत्यक्षात नऊ सोळांश इंच आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

आकडा दाखवणारी एकके भारतात किती झपाट्याने बदलली, याचे आज आपल्याला नवल वाटत नाही, इतके ते यश पूर्ण आहे. १९५६ साली संसदेने वजने आणि मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, लिटर, मीटर येत गेले आणि १९६२ नंतर व्यापारात जुन्या वजनांना जागा उरली नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा हे स्थित्यंतर ऐन मध्यावर होते, त्यामुळे आपल्या राज्याचे बालपण शेर आणि किलो अशा दोन तराजूंत गेले आहे, असे गमतीने म्हणता येईल. पेट्रोल गॅलनने मोजले जाई ते लिटरने मोजले जाऊ लागले. रस्त्याकडेचे मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. पंपावरचे यंत्र आणि रस्त्यावरचा दगड, दोन्ही सरकारच्या हातातले होते आणि त्यांना दुसऱ्या कोणत्याही वस्तूत बसायचे नव्हते.

इंग्लंडने दशमानाकडे जायचे १९६५ साली ठरवले, म्हणजे आपल्यानंतर, आणि आजही त्यांच्या रस्त्यांवर मैल आणि यार्ड आहेत. तिथला माणूस पेट्रोल लिटरने विकत घेतो आणि गाडी किती पळते हे मात्र दर गॅलनला इतके मैल असे सांगतो. लंडनजवळ राहणारा माझा मावसभाऊ दर टाकीनंतर लिटरला ४.५४६ ने भागून मग भागाकार करतो आणि हे त्याला अजिबात विचित्र वाटत नाही. त्यातही त्यांचा गॅलन वेगळा आणि अमेरिकेचा वेगळा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. म्हणजे ‘गॅलनला चाळीस मैल’ ही गाडी लंडनमध्ये लिटरला सव्वाचौदा किलोमीटरच्या जरा आत भरते आणि न्यू जर्सीत सतराची होते. परदेशस्थ नातेवाईक एकत्र जमले की मोटारींच्या गप्पांत जो गोंधळ होतो त्याचे निम्मे श्रेय या दोन गॅलनांना द्यायला हवे. आयर्लंडने मात्र २० जानेवारी २००५ रोजी वेगमर्यादेच्या सगळ्या पाट्या किलोमीटरच्या केल्या आणि काही आभाळ कोसळले नाही. पाटी बदलते, हे त्यांनीही सिद्ध केले.

अमेरिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. ॲरिझोनात टूसॉनहून मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसकडे जाणारा १९ क्रमांकाचा महामार्ग आहे. १९७५ च्या मापनविषयक कायद्यानंतर उत्साहाच्या भरात या रस्त्यावरची अंतरे किलोमीटरमध्ये लिहिली गेली. पुढे उत्साह ओसरला, पण त्या पाट्या राहिल्या. त्या बदलून मैल आणावेत असे मधूनमधून सुचवले गेले, तेव्हा विरोध केला तो रस्त्यालगतच्या व्यावसायिकांनी, कारण महामार्गावरून बाहेर पडण्याच्या वाटांचे क्रमांक किलोमीटरवरून पडले होते आणि त्यांच्या पत्त्यांत, जाहिरातींत तेच क्रमांक बसले होते. एरवी मैलांना चिकटून राहिलेल्या देशात किलोमीटर इथे चिकटून राहिला. गंमत अशी की त्याच रस्त्यावर वेगमर्यादा मात्र ताशी मैलांतच लिहिलेली आहे. आणि बॉनेट उघडले तर अमेरिकन गाडीचे नटबोल्टही मिलिमीटरचेच निघतात, कारण सत्तरच्या दशकापासून तिथल्या कारखान्यांना जगभरच्या सुट्या भागांशी जुळवून घ्यावे लागले. तबकडी इंग्रजी, पोट फ्रेंच.

आपल्याकडे घराच्या आत शिरले की हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा असतो आणि त्याची जाडी १८ मिलिमीटर. लांबी-रुंदी इंचाफुटांत राहिली, कारण सुताराच्या कपाटाची, पलंगाची, दरवाजाची मापे त्या तक्त्यावर बेतलेली आहेत. जाडी मिलिमीटरची झाली, कारण ती कारखान्यातल्या यंत्राची बाब होती. पाण्याचा नळ अर्ध्या इंचाचाच, कारण त्याचे आटे जुन्या भिंतीतल्या आट्यांत फिरायचे आहेत. सळईचे काय झाले ते आणखी मजेदार आहे. बांधकामावरचा फिटर अजून ‘तीन सूत’, ‘चार सूत’, ‘पाच सूत’ असे म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण तीन सूत म्हणून जी सळई येते ती साडेनऊ मिलिमीटरची नसून दहाची असते, चार सूत म्हणजे बारा, पाच सूत म्हणजे सोळा. माप बदलले आणि नाव तसेच नव्या मापावर सरकले, कारण फरक एवढा थोडा होता की कोणाला नवे नाव शिकायची गरजच पडली नाही. मंडईतल्या पावशेर मिरच्यांचे हेच झाले आहे, आणि सराफाच्या तोळ्याचेही. मूळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफी तोळा बरोबर दहा ग्रॅमचा. या तोळ्याच्या बाबतीत गिऱ्हाइकांपैकी जुन्या जाणत्या बायका अजून खवचटपणे विचारतात, “तुमचा तोळा कोणता?”

पण सरकण्याचा हा खेळ सर्वांत गंभीरपणे चालतो तो जमिनीत. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र लिहिले जाते हेक्टर आणि आर यांत. आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, शंभर चौरस मीटर, १०७६ चौरस फूट. गुंठा आणि आर यांच्यात फरक जेमतेम तेरा चौरस फुटांचा, म्हणजे एखाद्या पलंगाच्या निम्म्या जागेचा. त्यामुळे गावात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. सातबाऱ्यावर ०.४०.०० असे क्षेत्र असले की ‘एकरभर जमीन’ असे बोलले जाते. प्रत्यक्षात एकर म्हणजे ४०.४७ आर. मधला ०.४७ आर म्हणजे सुमारे ४७ चौरस मीटर, अदमासे पाचशे चौरस फूट, जवळजवळ अर्धा गुंठा. सोलापूरच्या माळरानावर या अर्ध्या गुंठ्याने कोणाचा पोटशूळ उठणार नाही. पुण्याच्या भोवतालच्या गावांत याच अर्ध्या गुंठ्यापायी भावाभावांचे बोलणे बंद होते, मोजणी येते, खुणेचे दगड रात्रीतून जागा बदलतात. जमीन ही तर दुसऱ्याच्या जमिनीत बसवलेलीच वस्तू आहे. तिच्या चारी बाजूंना कोणीतरी असतो, आणि बांधाचे माप एकट्याने बदलता येत नाही. सदनिकेचा करारनामा चौरस मीटरमध्ये असतो आणि भाव चौरस फुटाचा ठरतो, याचे मूळही मला शेजारच्या सदनिकेत दिसते, जिचा भाव आधीच फुटात ठरलेला असतो.

एकक नुसते माप घेऊन थांबत नाही, कधी कधी ते वस्तूचा आकारच ठरवते, आणि हे काम बहुधा कर आकारणारे खाते करते. इंग्लंडमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीला एक पौंड असा कर होता. ही अश्वशक्ती मोजायचे सूत्र सिलिंडरचा व्यास इंचात घेऊन त्याचा वर्ग करायचे, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे. दट्ट्या वरखाली किती लांब जातो, याला सूत्रात स्थानच नव्हते. साहजिकच इंग्रज अभियंत्यांनी बारीक व्यासाची आणि लांब धावेची, उंच सडपातळ इंजिने केली. करात बचत झाली आणि इंजिन मोकळेपणाने वेगात फिरेनासे झाले. हा कर दुसऱ्या महायुद्धानंतर गेला. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क कमी झाले आणि छोटी म्हणजे काय याची व्याख्या आली: लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. मारुतीची डिझायर २००८ साली बाजारात आली तेव्हा ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ साली तिची नवी आवृत्ती आली ती ३९९५ मिलिमीटरची. मधले १६५ मिलिमीटर डिकीतून कापले गेले, आणि त्या गाडीचे मागचे अंग कोणीतरी दारात चिमटल्यासारखे दिसू लागले. आज रस्त्यावर अशा ३९९० आणि ३९९५ मिलिमीटरच्या गाड्यांची रांग लागलेली आहे. चार मीटर हा आकडा कोणाही प्रवाशाच्या सोयीतून आलेला नाही; तो फक्त गोल आहे. फूट वापरात असते तर बहुधा तेरा फुटांची गाडी झाली असती, आणि डिकी आणखी चार सेंटिमीटरने लहान.

जाहिरातींचा मात्र मला राग येतो. गाडीची ताकद कधी बीएचपीत दिलेली असते, कधी पीएसमध्ये. बीएचपी ही जेम्स वॉटच्या घोड्याची शक्ती, ७४६ वॅट. पीएस हा जर्मनीकडचा दशमान घोडा, ७३५.५ वॅटचा, म्हणजे किंचित अशक्त. घोडा लहान असला की तेच इंजिन जास्त घोड्यांचे दिसते, आणि ज्याला जो आकडा मोठा दिसतो तो तो छापतो. शंभर पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. हाच आकडा निरोगी माणसाच्या तापमानाचा, फॅरनहाइटमध्ये, हा निव्वळ योगायोग. पण आपल्या घरात थर्मामीटर अजून फॅरनहाइटचाच आहे आणि बातम्यांतला पारा सेल्सिअसचा, हे यानिमित्ताने आठवते. ‘शंभर ताप आहे’ म्हणताना आणि ‘नागपूर पंचेचाळीसवर’ म्हणताना आपली जराही गफलत होत नाही.

एकक सोयीचे असूनही दिशाभूल करू शकते, याचा नमुना म्हणजे आपला ॲव्हरेज. लिटरला किती किलोमीटर, हा प्रश्न भारतीय माणूस गाडीचा रंग विचारण्याआधी विचारतो. समजा एका घरात दोन गाड्या आहेत, एक लिटरला दहा देणारी आणि दुसरी वीस देणारी, आणि दोन्ही वर्षाला बारा हजार किलोमीटर चालतात. पहिलीच्या जागी बाराची आणली तर बाराशे लिटरचे हजार होतात, दोनशे लिटर वाचतात. दुसरीच्या जागी पंचवीसची आणली तर सहाशेचे चारशे ऐंशी होतात, एकशे वीसच वाचतात. आकड्याकडे पाहिले तर पाचाची वाढ दोनापेक्षा मोठी वाटते. पैसे मात्र दोनाच्या वाढीत जास्त वाचतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली गॅलन-मैलांच्या संदर्भात हाच भ्रम दाखवून दिला. युरोपातले लोक शंभर किलोमीटरला किती लिटर असा उलट हिशेब ठेवतात, आणि त्यात ही फसगत होत नाही. तरीही तो हिशेब आपल्याकडे रुजेल असे मला वाटत नाही. मोठा आकडा म्हणजे चांगली गाडी, ही गोष्ट सांगायला आणि मिरवायला बरी पडते. आकडा लहान झाल्याचा आनंद बरोबर व्यक्त करता येत नाही.

पंपावरच्या ‘तेहतीस’मध्ये एकक उच्चारले जात नाही हे चालून जाते, कारण विचारणारा, सांगणारा आणि दाबमापक तिघेही एकाच पद्धतीतले असतात. हे तीन जण दोन पद्धतींत विभागले गेले की काय होते, ते २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसले. देश दशमानाकडे चालला होता आणि एअर कॅनडाचे नवे बोइंग ७६७ किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारे होते. माँट्रियलला इंधनमापक बंद असल्याने टाकीत पट्टी घालून लिटर मोजले गेले: ७६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे वजन काढायला जो गुणक वापरला तो १.७७ होता. तो लिटरला पौंडांचा गुणक होता, किलोचा ०.८ च्या जवळ असतो. कागदावर नुसता १.७७ होता, त्यापुढे एकक नव्हते. हिशेबाने ४९१७ लिटर भरले गेले, हवे होते वीस हजारांहून अधिक. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली आणि कॅप्टन बॉब पिअरसन यांनी ते अवाढव्य विमान ग्लायडरसारखे तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. विमानातले सर्व ६९ जण वाचले. दोन पद्धती शेजारी शेजारी नांदण्यात धोका नाही, तो एकीतून दुसरीत ओलांडून जाताना आहे, आणि ओलांडणारा आपण ओलांडतो आहोत हे विसरला तर तो सर्वांत मोठा आहे.

सध्या आमच्या सोसायटीत नवी विजेची गाडी आली आहे, आणि तिच्यानिमित्ताने एकके पुन्हा मांडीवर घेऊन बसायची वेळ आली आहे. या गाडीला गॅलन नाही, लिटर नाही, सीसी नाही. बॅटरीचे माप किलोवॅट-तासात, आणि ते एकक महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण महावितरणच्या बिलावर त्यालाच ‘युनिट’ म्हणतात. नवे एकक शिकावे लागलेच नाही, ते जिन्याखालच्या मीटरमधून आयते उचलता आले. चाके मात्र इंचांचीच आली आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने विजेच्या गाड्यांसाठी एका गॅलन पेट्रोलाची उष्णता ३३.७ किलोवॅट-तासांबरोबर धरून ‘गॅलनला इतके मैल’ असा आकडा काढायचे ठरवले, म्हणजे ग्राहकाला तुलना करता यावी. आमच्या शेजारच्या जोशीकाकांनी ही सगळी भानगड टाळून थेट रुपयांचा पूल बांधला. घरच्या विजेचा दर युनिटला नऊ रुपये धरला, एका युनिटला गाडी सात किलोमीटर जाते असे धरले, म्हणजे किलोमीटरला एक रुपया एकोणतीस पैसे; पेट्रोल एकशे चार रुपये धरले आणि भागाकार केला. आता कोणी विचारले की ते बिनदिक्कत सांगतात, “लिटरला ऐंशीचा ॲव्हरेज देते.” ज्या गाडीत पेट्रोलची टाकीच नाही तिच्याविषयीचे हे वाक्य ऐकून समोरचा लगेच मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारतो, “आणि हायवेला?”